‘तुझा’ की ‘तुझ्यावर’

रेवती, काल दुपारी तू मला दिसलीस. दिसलीस म्हणू की स्वप्नात आलीस म्हणू, यावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, तेव्हा तूर्तास तुझाच शब्द लिहिते. जेवण झाल्यावर मी आमच्या न्यू टाउनच्या गॅलरीत खुर्ची टाकून पडले होते. समोरच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरवर क्रेन सावकाश फिरत होती, आणि फिरता फिरता तिची कुरकुर लाँचच्या भोंग्यासारखी ऐकू यायला लागली. मग गॅलरी राहिली नाही. तू वॉर्डातल्या त्या तिसऱ्या खुर्चीवर बसली होतीस, पण खुर्ची होती बजबजच्या घाटावर, आणि सलाईनची बाटली कुणीतरी बांबूला अडकवली होती. पाणी एकेक पायरी वर चढत होतं. मी म्हटलं, अगं पाय वर घे. तू म्हणालीस, घेते गं, आधी हे बघू दे. काय बघत होतीस ते मला दिसलंच नाही.

तू गेल्याचा फोन आला त्याला आज बारा दिवस झाले. नाशिकहून सुनंदाताईंचा होता, आपल्या ‘चारचा चहा’ ग्रुपच्या त्या कर्त्याधर्त्या. तू बजबजला, मी न्यू टाउनला, एकाच कोलकात्याच्या दोन टोकांना, आणि तुझी बातमी मला नाशिकमार्गे कळली. का, ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. त्याच्यापर्यंत येतेच आहे मी. थोडं आडवळणानं येईन, कारण सरळ येण्याचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं.

ह्यांची बँकेतली बदली होऊन आम्ही कोलकात्याला आलो, त्याला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. गाठ लागली हाताला. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, नर्स बंगालीत, आणि हे काहीच बोलायचे नाहीत. साताऱ्याच्या माझ्या बहिणीनं कुठून तरी शोधून मला त्या ग्रुपमध्ये घातलं. सगळ्या मराठी बायका, सगळ्यांना छातीचा कॅन्सर, कुणी लातूरची, कुणी कोल्हापूरची, एक तर दुबईची. सुनंदाताईंचे दोनच नियम होते: सकाळी देवाचे फोटो टाकायचे नाहीत आणि कुणी कुणाला काढे सुचवायचे नाहीत. पहिल्या दिवशी मी माझं नाव, गाव आणि कितवी केमो ते लिहिलं, जशी शाळेत नवी मुलगी उभी राहून सांगते. पाच मिनिटांत तुझा व्हॉइस मेसेज आला.

“ताई, तू कोलकात्यात आहेस? मी पण. मी बजबज. घाबरू नको, मी तीन घेतल्या, अजून वाचलेय. खूप पाणी खा.”

पाणी खा! सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. उद्यापासून माझ्या शिरेत काय सोडणार आहेत या भीतीनं हातपाय गार पडले होते, तरी बोटं आपोआप चालली: पाणी पितात गं, खात नाहीत. इथे सगळे खातात, असं तुझं उत्तर आलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. ह्यांनी आतल्या खोलीतून येऊन काय झालं म्हणून विचारलं, इतक्या दिवसांत तो आवाज घरात झालाच नव्हता.

तुझे वडील तेलाच्या डेपोत नोकरीला म्हणून वाईहून आलेले, तू जन्मलीस बजबजला, शिकलीस बंगाली शाळेत, आणि पुढे त्याच शाळेत चित्रकला शिकवायला लागलीस. घरात आईचं मराठी आणि दारापलीकडे सगळं बंगाली. तूच मला म्हणालीस, ताई, तू माझं मराठी ठीक कर, आई कधी ठीक करत नाही, तिला वाटतं मला वाईट वाटेल. मला काय, आयतीच वही मिळाली. ‘मी जेवायची खूप चेष्टा करते पण तोंडात घास जात नाही’ असं तू म्हणालीस, तेव्हा मी तुला चांगली झापली होती, अन्नाची चेष्टा करू नये म्हणून. तू खोकला येईपर्यंत हसलीस. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला तेव्हा कळलं. पुढे नाशिकपासून दुबईपर्यंत सगळ्या तोच शब्द वापरायला लागल्या. कशी आहेस विचारलं की उत्तर यायचं, चेष्टा चालू आहे. दोन्ही अर्थांनी खरं होतं ते.

बायपासवरच्या त्या हॉस्पिटलात तुझा मंगळवार आणि माझा गुरुवार. भेट कधी व्हायची नाही. पण खिडकीकडून तिसरी खुर्ची घे, तिथून तळं दिसतं, हे तू मला आधीच सांगून ठेवलं होतंस. मी गेले आणि खरंच, पाणवेलींनी भरलेलं हिरवं तळं, कडेला एक बगळा. नर्सनं ‘बोशुधा’ अशी हाक मारली. मी वसुधा, ही दुसरीच कुणी तरी, हिलाच काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटून मला बरं वाटलं. तुला ते ‘रेबोती’ म्हणायचे. बोशुधा आणि रेबोती या दोघी केमो घेतात आणि आपण दोघी नुसत्या बघतो, असं तू एकदा म्हणाली होतीस.

केमोच्या आधी ते जे झोपेचं इंजेक्शन देत, त्यानं डोळे मिटायला लागले की मी कानात तुझा आवाज लावायची. तू खास त्या दिवशी घाटावर जाऊन माझ्यासाठी बोलायचीस. काय दिसतंय तेवढंच सांगायचीस. एक बार्ज चाललीय, राखेनं भरलीय, बांगलादेशला जाईल, तिथे त्या राखेचं सिमेंट करतात. एक बाई पितळी कळशी घासतेय. भरती येतेय, तिसरी पायरी बुडाली, चौथी बुडेल. मागे कावळे, लाँचचा भोंगा, पाण्याची चुळुकचुळुक. औषध थेंबाथेंबानं उतरायचं आणि मी त्या पायऱ्यांवर कुठे तरी निवांत बसलेली असायची. तू सांगितलेलं कुठे संपलं आणि मला दिसलेलं कुठे सुरू झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी न गेलेल्या त्या घाटाची मला एकेक पायरी पाठ आहे.

उठल्यावर ग्रुपवर तुझा प्रश्न तयार असायचा. इतर लोक विचारतात कसं वाटतंय. तू विचारायचीस, आज काय स्वप्न देखलं? मग बायका लिहायच्या. लातूरच्या मंगलला प्रत्येक केमोत आपली मेलेली म्हैस दिसायची, आणि ती अगदी खूश असायची. मी लिहिलं, स्वप्न देखत नाहीत रेवती, स्वप्न पडतं. आणि तिथे तू पहिल्यांदा माझं ऐकलं नाहीस. म्हणालीस, पडतो तो पाऊस, पडतात ते आंबे. स्वप्न आपोआप अंगावर पडत नाही, ते डोळे लावून बघावं लागतं, नाही तर निघून जातं. मी व्याकरण सांगितलं, प्रयोग सांगितले, स्वप्न बघणं म्हणजे इच्छा धरणं आणि स्वप्न पडणं म्हणजे झोपेतलं, हा फरक सांगितला. तू म्हणालीस, माझ्यात तो फरक नाही. त्यावर मी लिहिलं, उद्या बोलू. तो उद्या राहून गेला.

माझ्या शेवटच्या केमोला तू आलीस. तुझा दिवस नव्हता, तुझं तर सगळं संपलं होतं. लोकलनं सियालदा, तिथून बस, डोक्याला निळा स्कार्फ, आणि दारातून आत येताना चेहऱ्यावर चोरून आल्यासारखं हसू. इतक्या महिन्यांच्या आवाजाला एकदम तोंड आलं. मला वाटत होतं तू उंच असशील. तू माझ्या खांद्याला लागत होतीस. पिशवीतून फॉइलमध्ये बांधलेलं आईच्या हातचं थालीपीठ काढलंस, वर लोण्याऐवजी कासुंदी, ती इथली झणझणीत मोहरीची चटणी. थालीपिठाला कासुंदी लावणं हा गुन्हा आहे, असं मी म्हटलं आणि एक घास घेतला. चार महिने तोंडात लोखंडाची चव होती, रेवती. ती मोहरी नाकातून मेंदूपर्यंत गेली आणि मला चव आली. मी रडले ते तिखटानं नाही. तू माझा हात धरून बसलीस आणि तळ्याकडे बघत राहिलीस. तेवढी एकच भेट आपली.

मग माझे केस आले. आधी पांढरे, मऊ, बाळाचे येतात तसे. रेडिएशन झालं. रिपोर्ट चांगले यायला लागले. आणि मी एके दिवशी सकाळी चहा पिता पिता ग्रुपमधून बाहेर पडले. कुणाला सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, घरचे म्हणतात आता ते विषय नकोत. घरचे काहीही म्हणाले नव्हते. मंगल गेली होती त्या आठवड्यात. तिची म्हैस आता कोण बघणार, असं कुणी तरी लिहिलं होतं, आणि मला ते सहन झालं नाही. मला पुन्हा नुसती बाई व्हायचं होतं, जिला भाजी महाग झाली याचं दुःख असतं.

तू मात्र माझ्याशी वेगळं बोलत राहिलीस, कमी, पण राहिलीस. मग तो मेसेज आला. आवाज तसाच, मागे कावळे. ताई, लिव्हरला गेलंय. मी ताबडतोब भलंमोठं उत्तर लिहिलं, दोन डॉक्टरांची नावं पाठवली आणि शेवटी लिहिलं, येत्या रविवारी मी येते. तू म्हणालीस, ये, आई थालीपीठ करेल, तुला घाट दाखवते. पहिल्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी ह्यांचा गुडघा धरला. तिसऱ्या रविवारी काहीसुद्धा नव्हतं. मी साडी नेसले, पिशवी भरली, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन साडी बदलली. न्यू टाउनहून बजबज लांब पडतं, असं मी तुला कळवलं. लांब पडतंच. पण तू बजबजहून आली होतीस.

खरं सांगते. माझं सहा महिन्यांचं स्कॅन तोंडावर आलं होतं. तुला बघितलं की मला माझा रिपोर्ट दिसेल, असं भय मनात घर करून बसलं होतं. तुझा चेहरा पिवळा झाला असेल, हात बारीक झाले असतील, आणि मी ते बघून घरी येईन आणि आरशासमोर उभी राहीन. मी भित्री आहे, रेवती. शाळेत पोरं मला घाबरायची म्हणून ते कुणाला कळलं नाही.

स्कॅन चांगलं आलं. मी तुला कळवलं, अगदी उत्साहानं. दोन दिवसांनी तुझं उत्तर आलं, आणि ते पहिल्यांदाच लिहिलेलं होतं. तू कधी लिहायची नाहीस, काना-मात्रा चुकतात म्हणून बोलायचीस. मला वाटलं, ताईसाठी मुद्दाम नीट देवनागरीत लिहिलंय पोरीनं. दम लागत असल्यानं तुला बोलवत नसेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एकच ओळ होती.

“ताई, माझा तुझ्यावर खूप अभिमान झालाय.”

मी किती फुलले म्हणून सांगू. स्वतः इतकी आजारी असून माझ्या रिपोर्टचं हिला केवढं कौतुक, असं म्हणत मी ह्यांना फोन नेऊन दाखवला. आणि मग, सवय काही जात नाही, उत्तर लिहिलं: अगं वेडे, ‘तुझ्यावर’ नाही, ‘तुझा’. मला तुझा अभिमान वाटतो, असं म्हणायचं. पण थँक्यू गं! पुढे दोन बदाम. तू अर्ध्या तासानं लिहिलंस, बरं ताई, तुझा. त्यानंतर तू मला काहीच लिहिलं नाहीस.

तू ते बोलली असतीस तर ‘ओभिमान’ म्हणाली असतीस. मग कदाचित माझ्या कानाला खटकलं असतं. कदाचित. ‘चेष्टा’ एकदा कळल्यावर बाकीचे शब्दही तपासून घ्यावेत, एवढी अक्कल शिक्षकाला हवी होती. पण मला जे ऐकायचं होतं तेच त्या ओळीत लिहिलेलं होतं, तर मी कशाला तपासते.

परवा मी बजबजला आले. गाडी नाही, टॅक्सी नाही, तुझ्यासारखी लोकलनं आले, आणि सांगते, इतकं काही लांब पडत नाही. तुझ्या आईनं दार उघडलं. माझं नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, वसुधाताई ना, या. एक कठोर शब्द नाही. चहा केला, बशीत बिस्किटं ठेवली, वाईच्या कुठल्या आळीत माहेर ते सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वीचं मराठी जपून ठेवल्यासारखं बोलतात. तुझा निळा स्कार्फ खिडकीच्या गजाला बांधलेला होता, त्या खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसत होता. मग बोलता बोलता त्या म्हणाल्या, रेवतीनं तुमच्यावर फार अभिमान धरला होता हो. मी डोळे पुसत म्हटलं, हो, तिनं लिहिलं होतं मला. त्यांनी मान हलवली.

“आपला नव्हे, वसुधाताई, इथला. इथे अभिमान म्हणजे रुसवा. म्हणजे नुसता रुसवाही नाही. आपलं माणूस चुकलं की आत दुखतं आणि सांगवत नाही, ते. माझ्यावर करायची, बाबांवर करायची. परक्यावर कुणी करत नाही.”

कपातला चहा तसाच राहिला. त्या सावकाश सांगत होत्या, मला दुखवायला नव्हे, शब्दाचा अर्थ सांगावा तसा. अभिमान केला की करणाऱ्यानं तोंड फिरवून बसायचं, आणि ज्याच्यावर केला त्यानं येऊन तो मोडायचा, अशी इथली रीत. रविवारी तू स्कार्फ बांधून त्या खिडकीत बसायचीस. पुढे पुढे बसवत नव्हतं तरी उशा लावून बसायचीस. मी विचारलं, माझं उत्तर तिनं दाखवलं का तुम्हाला? दाखवलं, म्हणाल्या. हसली, म्हणाली ताईनं व्याकरण ठीक केलं, आणि फोन उलटा ठेवला.

निघताना त्या माझ्याबरोबर घाटापर्यंत आल्या. मी कधीच न आलेल्या जागी आले होते आणि मला सगळं ओळखीचं होतं. ओहोटी होती, पायऱ्या चिखलानं भरलेल्या, दूरवर एक बार्ज एका जागी थांबल्यासारखी चाललेली. वाराही नव्हता. मी एका पायरीवर बसले आणि माझे डोळे मिटायला लागले, तेव्हा वॉर्डात मिटायचे तसे, आणि मला खात्रीच वाटली की आता कानात तू बोलायला लागशील, काय काय दिसतंय ते सांगायला लागशील. तुझ्या आई शेजारी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला उठवलं नाही.

तू मला माझ्या भीतीच्या दिवसांत रोज हाताला धरून पाण्याशी नेऊन बसवलंस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, तुझे काना-मात्रा काढत बसले. मी तुझा रुसवा बक्षिसासारखा मिरवला. तुला समजूत हवी होती आणि मी तुला विभक्ती दिली. ही चूक आता कुठल्याही पेनानं दुरुस्त होत नाही, आणि मी ती करायचा प्रयत्नही करणार नाही. पण तुझ्या आईंचं ते एक वाक्य मी बजबजपासून घरापर्यंत मनात धरून आणलं, परक्यावर कुणी करत नाही. तू रागावून गेलीस यापेक्षा तू मला तुझी समजून रागावलीस, हे मला जास्त रडवतं.

आणि मला रुसायचा काही हक्क नाही, हे कळूनही तुला सांगते. मी येणारच होते. उशीर केला, पण येणारच होते, आणि तू न थांबता, एक शब्द न बोलता, तोंड फिरवून गेलीस. माझा तुझ्यावर खूप अभिमान झालाय, रेवती. तुझा नव्हे. तुझ्यावर.